रंग झालेल्या घरात राहून गेलेला टीव्ही पॉइंट : एका भिंतीचं प्रकरण

घराचा ताबा मिळाला, रंग झाला, फर्निचर बसलं, आणि सामान लावताना घरच्यांच्या लक्षात आलं की आजींच्या खोलीत टीव्हीचा पॉइंटच नाहीये. प्लग नाही, केबलची प्लेट नाही, भिंतीत नुसता रिकामा बॉक्ससुद्धा नाही. हॉलमध्ये सगळं व्यवस्थित होतं. पण आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन दिवसातून किती वेळा हॉलपर्यंत येणार, त्यामुळे टीव्हीची खरी गरज त्यांच्याच खोलीत होती. माझं काम घरातल्या केबलिंगचं, टीव्ही, इंटरनेट, कॅमेरे वगैरे, म्हणून मला बोलावलं गेलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण अशा वेळी जो तो लगेच सांगतो, झिरी मारा, म्हणजे भिंतीत खाच कापून पाइप पुरा, नाहीतर वरून पट्टी लावा, आणि भिंतीच्या मागे आधीच काय आहे हे मात्र कुणी बघत नाही.

आधी पॉइंट राहिला कसा ते. घराची दोन ड्रॉइंग होती, एक फर्निचरचं आणि एक इलेक्ट्रिकलचं. फर्निचरच्या ड्रॉइंगमध्ये आजींच्या बेडसमोरच्या भिंतीवर टीव्ही स्पष्ट दाखवलेला, इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगमध्ये त्याच भिंतीवर काहीच नाही. इलेक्ट्रिशियनच्या हातात फक्त दुसरं ड्रॉइंग, त्याने त्यात होतं ते सगळं केलं. म्हणजे कामगाराने कामचुकारपणा केला असं म्हणता येणार नाही. दोन कागद एकमेकांवर ठेवून कुणीतरी बघायला हवे होते आणि ते काम ठेकेदाराचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंत उघडी असताना ही चूक निस्तरायला एक बॉक्स आणि थोडा पाइप लागतो, रंगानंतर तीच चूक गवंडी, इलेक्ट्रिशियन, रंगारी आणि मी अशा चौघांच्या गळ्यात पडते.

आता टीव्ही पॉइंट म्हणजे नक्की काय हवंय हे मी पहिल्यांदा विचारतो, कारण बोलताना तो एक पॉइंट असला तरी प्रत्यक्षात तीन गोष्टी असतात. पॉवर, डिशची किंवा केबलची कोॲक्स वायर, आणि इंटरनेटसाठी लॅन. आजींचा मुलगा, म्हणजे घरमालक, त्याचं म्हणणं होतं की आता सगळं वायफायवर चालतं, फक्त प्लग द्या, बाकी काही नको. ऐकायला सोपं वाटतं आणि बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतंही. पण आजींना विचारलं तर त्यांना चॅनलचे नंबर पाठ होते, रिमोटवर नंबर दाबला की चॅनल लागलं पाहिजे, ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, मग शोधा, हे त्यांना नको होतं. ज्याला टीव्ही बघायचाय त्याच्या सवयीप्रमाणे पॉइंट ठरतो, त्यामुळे कोॲक्स तर हवीच. आणि राउटर होता घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये काँक्रीटचा कॉलम आणि दोन भिंती, खोलीत वायफाय कधी चांगलं कधी रडतरखडत. ४के स्ट्रीमिंगला १५ ते २५ एमबीपीएस एवढंच लागतं पण ते सलग लागतं, म्हणून नातवंडं तिथे बसून काही बघणार असतील तर लॅनही आत्ताच टाकून घ्या असं मी सांगितलं. भिंत एकदाच उघडायची असेल तर तिन्ही गोष्टी एकदाच जाऊ देत.

एचडीएमआय भिंतीतून टाकू का असंही विचारलं गेलं, म्हणजे सेट-टॉप बॉक्स दुसरीकडे ठेवून. मी नको म्हटलं. साधी तांब्याची एचडीएमआय पाचेक मीटरच्या पुढे ४के ६० हर्ट्झला भरवशाची राहत नाही, तिचा प्लगच पाइपातून धड जात नाही, आणि स्टँडर्ड बदलत राहतं, आधी १८ जीबीपीएस होतं ते पुढच्या आवृत्तीत ४८ झालं. भिंतीत पाइप कायमचा असावा, वायर बदलता येण्यासारखी असावी. सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या मागेच लावायचा ठरला.

मग भिंत. ही भिंत पार्टिशनची, १०० मिमीच्या ब्लॉकची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर. उजव्या कोपऱ्यात काँक्रीटचा कॉलम, वर बीम. पहिला प्रस्ताव घरमालकाच्या ओळखीच्या एका माणसाने दिलेला होता, खोलीच्या दारापाशी जो स्विचबोर्ड आहे तिथून टीव्हीपर्यंत आडवी झिरी मारायची, साधारण साडेतीन मीटर, आणि पाइप पुरून वरून पुट्टी. हे मी होऊ दिलं नाही. गवंडीकामात एक प्रचलित नियम आहे, उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. १०० मिमीच्या ब्लॉकमध्ये उभी ३३ मिमीपर्यंत जाते, आडवी जेमतेम १६. त्यात २५ मिमीचा पाइप बसायचा तर प्लास्टरची जाडी धरूनही कसाबसा, आणि प्रत्यक्षात कटर चालवणारा माणूस १६ वर कुठे थांबतो, तो पाइप आत बसेपर्यंत कापत जातो. आडव्या कापाने भिंत तिच्या पूर्ण लांबीत एका रेषेवर कमजोर होते. भिंत लगेच पडेल असं नाही, पण त्याच रेषेवर पुढे तडा जाणार हे मी अनेक घरांत बघितलंय, आणि याच भिंतीवर पुढे टीव्हीचं ब्रॅकेट लटकणार होतं. कॉलम आणि बीमला तर हातच लावायचा नाही, आतल्या सळईला कटर लागला तर तो प्रश्न टीव्हीच्या कितीतरी पलीकडे जातो.

पट्टीचा पर्याय होता, वरून पीव्हीसीची पट्टी, सुरक्षित, स्वस्त, एका दुपारचं काम. मला स्वतःला पट्टीचं वावडं नाही, भाड्याच्या घरात मी तीच सुचवतो. पण इथे पट्टी दाराच्या चौकटीवरून वळून कपाटाच्या मागून घ्यावी लागत होती आणि कपाट आधीच भिंतीला फिट केलेलं. ते खोलायचं म्हणजे सुतार पाचवा.

तेव्हा मी घरमालकाला विचारलं, बांधकाम चालू असतानाचे फोटो आहेत का? फोटो नव्हते, पण त्याने एक व्हिडिओ काढलेला होता, घर दाखवायला म्हणून कुणा नातेवाइकाला पाठवलेला, हातात फोन घेऊन खोल्यांमधून फिरतोय, "ही किचन, ही स्टडी" असं बोलतोय. स्टडीत तो वळतो तिथे क्षणभर भिंत दिसते, प्लास्टर व्हायच्या आधीची, आणि तिच्यात स्लॅबमधून सरळ खाली आलेले दोन काळे पाइप, खाली दोन मेटल बॉक्स. व्हिडिओ थांबवून झूम केलं. ही भिंत आजींच्या खोलीची तीच पार्टिशनची भिंत, फक्त पलीकडची बाजू! एका बॉक्सात पॉवर, दुसऱ्यात स्टडीच्या टेबलासाठी लॅन. म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या तीनपैकी दोन गोष्टी भिंतीच्या पलीकडे हाताच्या अंतरावर येऊन थांबलेल्या होत्या आणि इकडे साडेतीन मीटर भिंत कापायची चर्चा चालली होती.

ड्रॉइंगमध्ये टीव्ही भिंतीच्या बरोबर मध्यावर होता. स्टडीचे बॉक्स त्या मध्यापासून साधारण ६० सेंमी डावीकडे. घरमालकाचा हट्ट मध्याचाच, बाजूला टीव्ही विचित्र दिसेल म्हणून. मी ४३ इंची टीव्हीच्या मापाचा कागद कापला, म्हणजे साधारण ९६ सेंमी रुंद आणि ५६ उंच, आणि तो मास्किंग टेपने आधी मध्यावर लावला, मग डावीकडे सरकवून. आणि आजींना बेडवर उशीला टेकून बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधीचा कागद बघायला मान वळवावी लागते रे, हा बरोबर समोर आहे." कारण ड्रॉइंगमधला बेड खोलीच्या मध्यात होता, खरा बेड वॉकरला जागा हवी म्हणून डाव्या भिंतीकडे सरकवलेला होता. वाद तिथेच मिटला. कागदामुळे उंचीही ठरली. बसून बघणाऱ्याचे डोळे आणि उशीला टेकून बघणाऱ्याचे डोळे यांची नजर वेगळी, टेकलेल्या माणसाला टीव्ही थोडा वर चालतो, म्हणून मधला बिंदू जमिनीपासून १२५ सेंमीवर घेतला. बॉक्सची जागा मात्र टीव्हीच्या मध्यावर घ्यायची नाही, तिथे ब्रॅकेट येतं. ब्रॅकेटचे स्क्रू २०० बाय २०० मिमीच्या चौकोनात होते, म्हणून आमचे बॉक्स त्या चौकोनाच्या बाहेर, डाव्या खालच्या बाजूला, जिथे टीव्हीची पोर्ट येतात त्याच्या जवळ, ११० सेंमी उंचीवर.

बरोबर पाठीला पाठ लावून बॉक्स का नाही बसवला, हे स्टडीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने विचारलं. मेटल बॉक्स ५० मिमी खोल असतो. १०० मिमीच्या ब्लॉकमध्ये दोन्ही बाजूंनी ५०-५० खणलं तर मध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, आवाज आरपार जातो, आणि भिंतीला तिथे भोकच पडल्यासारखं होतं. स्टडीचे बॉक्स ८५ सेंमीवर होते, आमचे ११० वर, म्हणजे मध्ये २५ सेंमीची उभी झिरी. उभी असल्यामुळे ३३ मिमीच्या हद्दीत पाइप आरामात बसतो. स्टडीच्या बॉक्समागून एक तिरपं भोक इकडच्या झिरीच्या तळाशी काढलं, असं पॉवरसाठी एक आणि सिग्नलसाठी एक. दोन्ही झिऱ्या आणि दोन्ही पाइप वेगळे ठेवले, पॉवर आणि डेटा एका पाइपात घालायचं नाही, याला अपवाद नको. इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर टीव्हीच्या मागे हात घालणाऱ्या माणसाला शॉक बसू शकतो.

कटर चालवायच्या आधी आजींना दुसऱ्या खोलीत बसवलं, दाराला प्लास्टिक लावलं, आणि कटरच्या तोंडाशी व्हॅक्यूमची नळी धरून ठेवायला एक माणूस ठेवला. ब्लॉकच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते. नुसता रुमाल बांधून हे काम करणारे बघितले की मला राहवत नाही, मास्क हवाच, आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर धूळ खोलीबाहेर जाऊच द्यायची नाही.

पॉवरचं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनने केलं, मी त्यात हात घालत नाही. एमसीबी बंद करून, मल्टिमीटरने पॉवर खरंच गेली का ते बघून, मग स्टडीच्या सॉकेटमधून लाइन पुढे घेतली. ४३ इंची टीव्ही साधारण १०० वॉट, सेट-टॉप बॉक्स १५-२० वॉट, स्टडीच्या सर्किटवर कॉम्प्युटर सोडून फार काही नव्हतं, त्यामुळे लोडची चिंता नव्हती. तेच सर्किट आधीपासून ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचवर होतं, तेही तपासलं. अर्थिंग पुढे नेलंय ना हे मी मुद्दाम उभं राहून बघितलं.

खरी कसोटी लागली ती सिग्नलच्या पाइपात. स्टडीच्या लॅन बॉक्सपासून पाइप भिंतीतून वर, स्लॅबमधून आडवा, आणि युटिलिटीतल्या मोठ्या बॉक्सपर्यंत, जिथे डिशची वायर आणि इंटरनेट येतं. लांबी साधारण १४ मीटर, ९० अंशाची दोन वळणं. दोन ओढण्याच्या जागांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं असू नयेत असा नियम आहे, म्हणजे आम्ही बरोबर काठावर. २५ मिमीच्या पाइपाचा आतला व्यास २१ मिमी धरला तर आतलं क्षेत्रफळ होतं साधारण ३४६ चौरस मिमी, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच वायरी भराव्यात, म्हणजे १३८. कॅट-६, म्हणजे लॅनची वायर, सहा मिमीची; दोन कॅट-६, एक स्टडीची आणि एक टीव्हीची, आणि एक सात मिमीची आरजी-६, म्हणजे डिशची कोॲक्स, मिळून होतात ९५. हिशेबात बसलं. इथे कुणी म्हणेल की दुसरी कॅट-६ कशाला, स्टडीत पाच पोर्टचा नेटवर्क स्विच, म्हणजे एका लॅनचे फाटे करणारा डबा, ठेवला की झालं. झालं असतं, पण मग आजींचा टीव्ही स्टडीतल्या एका ॲडॅप्टरवर अवलंबून, रात्री कुणी टेबलाचं बटण बंद केलं की इकडे नेट गायब. म्हाताऱ्या माणसाला असं कारण शोधत बसायला लावू नये.

पाइपात ओढायला दोरी ठेवलेली नव्हती, आत होती फक्त स्टडीची जुनी कॅट-६. तिला दोन्ही टोकांनी हलवून बघितलं, थोडी पुढेमागे सरकत होती, म्हणजे आत सिमेंटचा रगडा जाऊन ती चिकटलेली नव्हती. जुनी वायर आत ठेवून शेजारून नव्या सरकवायच्या भानगडीत पडायचं नाही, वळणावर वायर वायरीवर घासते आणि वरचं आवरण सोलून निघतं. त्यापेक्षा जुनीलाच दोरी बनवायचं, तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून जुनी बाहेर काढायची आणि मग दोरीला तिन्ही नव्या वायरी एकत्र बांधून ओढायच्या. जुनी सुखरूप निघाली. नव्या वायरी मात्र स्लॅबमधल्या पहिल्याच वळणावर अडल्या. इथे लोक जोर लावतात आणि कॅट-६ चं नुकसान करून बसतात. तिला ११० न्यूटनपेक्षा जास्त ओढ द्यायची नसते, म्हणजे ढोबळमानाने ११ किलोचं वजन, एक तगडा माणूस चिडून ओढतो तेव्हा याच्या कितीतरी पुढे जातो. वायर तुटत नाही, आतल्या जोड्यांचे पीळ ताणले जातात, आणि मग लॅन लागतो पण गिगाबिटच्या पूर्ण वेगाला टिकत नाही, त्याचं कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

बाहेर काढून बघितलं तर तिन्ही टोकं एकाच जागी बांधलेली, तिथे टेपचा चांगला गोळा झालेला. गोळा वळणात अडणारच. टोकं एकापुढे एक अशी चार-चार बोटं मागेपुढे ठेवून बांधली, पुढे निमुळतं, टेप घट्ट आणि सपाट, वरून टाल्कम पावडर. तेल किंवा साबण लावायचा नाही, आवरण खराब होतं. एक माणूस युटिलिटीकडून वायरी हाताने आत सारतोय, दुसरा स्टडीतून दोरी ओढतोय, दोघांनी फोन चालू ठेवून "दादा, थांब… आता दे" असं बोलत बोलत. वळणावरून वायरी निघाल्या तेव्हा दोरीला एकदम सैल झाल्यासारखं वाटतं, ते हाताला कळतं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

डिशचं थोडक्यात. एका वायरीला साधा स्प्लिटर, म्हणजे वायरीचे फाटे करणारा जोड, लावून दोन सेट-टॉप बॉक्स स्वतंत्र चालतील असं बऱ्याच जणांना वाटतं. बॉक्स त्याच वायरीतून वरच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोर सिग्नल पकडणाऱ्या डब्याला, १३ किंवा १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झचा टोन पाठवून कोणते सिग्नल हवेत ते सांगत असतो. जिथे ही निवड वापरात असते तिथे एका वायरीवर दोन बॉक्सांनी वेगवेगळं मागितलं की एकाची चॅनल जातात. इथे एलएनबी दोन आउटपुटचा होता आणि दुसरं आउटपुट रिकामं, त्यामुळे गच्चीवरून डक्टमधून सरळ वेगळी आरजी-६ आणली. एकूण लांबी तीसेक मीटर, डिशच्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वरच्या टोकाला आरजी-६ मध्ये १०० मीटरला सिग्नलचे साधारण ३० डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे आपले नऊ-दहा, तेवढं चालतं. केबल किंवा अँटेना असती तर स्प्लिटर चालला असता, मात्र दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्याला साडेतीन डीबी खातो आणि चार फाट्यांचा सात.

आता आरजी-६ च्या टोकाला बसणारा एफ-कनेक्टर, जिथे सगळ्यात जास्त घाई होते. आरजी-६ चं काळं आवरण सोललं की आत बारीक तारांची जाळी, ती मागे दुमडायची, पूर्ण, एकही केस पुढे राहता कामा नये. तिच्याखाली पांढऱ्या फोमला चिकटलेली फॉइल तशीच ठेवायची. कनेक्टर दाबून बसवला की पांढरा फोम आतल्या कडेशी बरोबर सपाट दिसला पाहिजे आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिमी. कमी असली तर सॉकेटमध्ये पकड मिळत नाही, जास्त असली तर आतली स्प्रिंग वाकते. आणि जाळीची एक जरी तार मधल्या तारेला लागली की वरचे ते १३-१८ व्होल्ट तिथेच शॉर्ट, एलएनबीला काही पोचत नाही, आणि माणूस गच्चीवर जाऊन डिश फिरवत बसतो. मी फिरवून बसवायचे कनेक्टर वापरत नाही, कॉम्प्रेशनचेच वापरतो, टूल लागतं पण पुन्हा बघावं लागत नाही.

भिंत बुजवायच्या आधी सगळं तपासलं, हा क्रम मी कधीच बदलू देत नाही. मल्टिमीटरने कोॲक्सची मधली तार आणि जाळी एकमेकांना लागत नाहीत ना, कॅट-६ च्या आठही तारा टेस्टरवर ओळीने, गिगाबिट लिंक लागते का, सेट-टॉप बॉक्स लावून स्क्रीनवरची सिग्नलची पट्टी, आणि मग एक रात्र टीव्ही चालू ठेवायला सांगितला, झिऱ्या उघड्याच, फक्त पॉवरचा बॉक्स झाकून. दुसऱ्या दिवशी गवंड्याने झिऱ्या भरल्या, ब्लॉक आणि नव्या मसाल्याच्या सांध्यावर फायबरची जाळी दाबली, नाहीतर तिथे केसासारखी चीर येतेच. पूर्ण वाळू दिलं, मग पुट्टी, प्रायमर, रंग. रंगारी ठिगळापुरताच रंग देणार होता, त्याला भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रोलरने करायला सांगितली, कारण शेड तोच असला तरी नवा रंग खिडकीच्या तिरप्या उजेडात वेगळा दिसतो.

खर्चाचं सांगायचं तर घरमालकाने दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवून ठेकेदाराला पाठवली. त्याने पॉवर, गवंडी आणि रंगाचा भाग मान्य केला, केबलिंगचा नाही. घरमालकाने फार ताणलं नाही. मी असतो तर ताणलं असतं, कारण फर्निचरचं ड्रॉइंग ठेकेदाराच्याच ऑफिसातून आलेलं होतं.

त्याच दोन कागदांवरून आणखी एक गोष्ट सापडली, पाहुण्यांच्या खोलीतही टीव्ही असाच राहून गेलाय. ती भिंत बाहेरची, जाड विटांची, मागे कुठलीच खोली नाही आणि व्हिडिओत तिथे पाइपही दिसत नाही. तिथे सध्या काहीच करायचं नाही असं ठरलंय. पुढे कधी त्या खोलीतलं कपाट हलवलं तर त्याच्या मागून २५ मिमीचा रिकामा पाइप दोरीसकट टाकून ठेवायचा, याची नोंद घरमालकाने इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने करून घेतली.